ऐकणावळ

११ मार्च २०१४, मंगळवार. त्या दिवशी दुपारी कानसेनने विमा एजंटकडून एक हजार आठशे पन्नास रुपये घेतले. वापरलेला पण चालू मदरबोर्ड चौदाशे, बसवण्याचे साडेतीनशे, आणि वरचे शंभर आत साठलेली धूळ काढण्याचे. एजंटने नोटा दोनदा मोजल्या, पावती घडी करून खिशात ठेवली आणि टेबलावर पडलेल्या जुन्या बोर्डाकडे पाहिले.

"मेलेल्याचं काय करता तुम्ही?"

"ठेवतो इथंच. कधी एखादा सुटा भाग कामाला येतो."

"म्हणजे अवयवदान," एजंट म्हणाला. "बिचाऱ्याचा विमा काढून ठेवायला हवा होता मी."

कॉम्प्युटर सकाळपासून उठत नव्हता. बटण दाबले की आतला पंखा फिरे, पुढचा हिरवा दिवा लागे, पण पडदा काळा तो काळाच. कानसेनने डबा आडवा केला, बाजूचा पत्रा काढला आणि एकेक करून सगळे उतरवले. कार्डे, तारा, डिस्क आणि शेवटी रॅमची पट्टी. बोर्ड उघडाबोडका झाल्यावर त्याच्या दोन काट्यांना स्वतःचा शर्टाच्या बटणाएवढा बझर जोडला, बटण दाबले आणि मान तिरकी करून तो बसून राहिला. थोड्या वेळाने सरळ झाला आणि म्हणाला, "बोर्ड गेला."

एवढ्यावर एजंटने खिशात हात घातला, कारण सांगणारा कानसेन होता.

हे नाव त्याला बाजाराने दिले होते. त्याला खऱ्या नावाने हाक मारणारे आता फारसे कोणी उरले नव्हते, आणि पावतीवरही नुसते दुकानाचे नाव होते. बंद पडलेला कॉम्प्युटर पडद्यावर काही दाखवू शकत नाही, पण बोर्डात जीव असेल तर तो बीप वाजवून आपले दुखणे सांगतो. एक आखूड बीप म्हणजे सगळे ठीक. एक लांब आणि मागोमाग दोन आखूड म्हणजे चित्र दाखवणारे कार्ड जागचे हलले आहे. थांबून थांबून लांब बीप म्हणजे रॅम सापडत नाही. आणि रॅम मुद्दाम काढून ठेवली असतानाही बोर्डाने तोंड उघडले नाही, तर त्याच्यात राम नाही. बाजारातले बाकीचे दुरुस्तीवाले सुटे भाग बदलून बदलून पाहत, हा घाल, तो काढ, अर्धा दिवस जाई. कानसेन दोन मिनिटे ऐके आणि सांगे. पूर्वी तर तो फोनवरून सांगत असे. "फोन डब्याजवळ धरा, बटण दाबा, आणि तुम्ही बोलू नका," असे म्हणे, आणि पलीकडचा माणूस पुन्हा फोन कानाला लावीपर्यंत त्याचे निदान तयार असे. त्याच्याकडे दुसरे भांडवल नव्हते. दुकान भाड्याचे, अवजारे जुनी, बोलणे बेताचे. जे होते ते कान.

दुकान म्हणजे खरे तर अर्धे दुकान. मालकाने एका गाळ्याच्या मधोमध प्लायवुडची फळी ठोकून दोन केले होते आणि भाडे दोन पुऱ्या गाळ्यांचे लावले होते. कानसेनचे दार पुढच्या रस्त्यावर, पलीकडच्या अर्ध्याचे दार मागच्या बोळात. तिथे टेलरबाई बसत. पँटची उंची कमी करणे, कंबर सैल करणे, चेन बदलणे, असली कामे. मशीन जुने, खडखडणारे. ते चालू झाले की फळी थरथरे आणि कानसेनला बीपमधले आखूड-लांब काही कळेनासे होई. पहिले वर्षभर यावरून दोघांची जुंपली. "मी काय तुमच्या मुहूर्तावर शिवायचं?" असे बाई म्हणत, आणि "मी काय रात्री येऊन ऐकायचं?" असे हा म्हणे. शेवटी दोघेही दमले आणि एक रीत ठरली. कानसेनने फळीवर दोनदा टकटक करायची, बाईंनी मशीन थांबवायचे. त्याचे ऐकून झाले की एकदा टकटक, मशीन पुन्हा सुरू. अकरा वर्षे ही रीत चालली. दारे दोन दिशांना असल्यामुळे महिना महिना एकमेकांचे तोंड दिसत नसे, पण दिवसातून चार-सहा वेळा फळीवरून हे एवढे बोलणे होई.

दोन वर्षांपूर्वी कधीतरी कानसेनच्या लक्षात आले की आता टकटक करावी लागत नाही. पलीकडून आवाजच येत नाही. बाईंनी बिनआवाजाचे नवे मशीन घेतले असणार, असे त्याने धरले. त्याला बरे वाटले. थोडे चुकल्यासारखेही वाटले, पण त्यावर विचार करत बसण्यासारखे काही नव्हते.

घरीही सगळे शांत होते. बायको जाऊन नऊ वर्षे झाली होती. दोन खोल्या, खालचे बिऱ्हाड बरेच दिवस रिकामे, समोरच्या दाराला कुलूप. दाराची घंटा वाजेनाशी झाली होती. कोणी येत नाही म्हणून वाजत नाही, असा त्याचा हिशेब. मुलगी दूरच्या शहरात होती, रविवारी सकाळी फोन करी.

"बाबा, ओरडू नका हो. मला नीट ऐकू येतं."

"तुझी लाइनच खराब आहे."

"माझी लाइन चांगली आहे. जेवलात का?"

"हो."

"काय केलं होतं?"

"काय म्हणतेस?"

असे पाच-सात मिनिटे चाले. मग ती दर वेळी तेच म्हणे, की आता पुरे झालं दुकान, बंद करा आणि इकडे या. हा "पाहू" म्हणे. मुलीच्या घरी सगळी माणसे दिवसभर बाहेर असत. तिथे जाऊन तो काय करणार होता? पलंगावर बसून कुणाच्या तरी येण्याची वाट पाहणार. दुकानात निदान बंद पडलेले डबे येत.

एजंटचे काम झाल्याला दोनेक आठवडे झाले असतील. सकाळी दुकान उघडताच एक नर्स आली. रात्रपाळी करून थेट आली होती, डोळे चुरचुरत होते, रिक्षावाल्याकडून कॉम्प्युटर आत आणवला होता. तिची बढतीची परीक्षा होती आणि अभ्यासाचे सगळे त्यातच होते.

"सीपीयू चालूच होत नाही," ती म्हणाली. डब्याला सगळे सीपीयूच म्हणतात, कानसेन कधी कोणाला दुरुस्त करत नसे. "नवा घ्यायला लागेल का? तसं असेल तर आत्ताच सांगा, मी परीक्षेचा नाद सोडते."

"बसा. दोन मिनिटांत सांगतो."

ती भिंतीला डोके टेकून स्टुलावर बसली. कानसेनने नेहमीप्रमाणे बोर्ड मोकळा केला, बझर जोडला, बटण दाबले. पंखा फिरला. त्याने मान तिरकी केली आणि वाट पाहिली. काही नाही.

"नाही बोलत हो," तो म्हणाला. "बोर्ड गेलाय."

नर्सने डोळे न उघडता दोन्ही हात कानांवर ठेवले. "बोलत नाही? अहो, बंद करा ते आधी. रात्रभर वॉर्डात हेच ऐकून आलेय मी."

"काय ऐकून?"

"हेच. टीं टीं. डोकं उठलंय."

कानसेनने बझरकडे पाहिले. मग नर्सकडे पाहिले. ती चेष्टा करत नव्हती. तिला झोप आली होती आणि आवाजाचा त्रास होत होता, एवढेच.

"कसं वाजतंय?" त्याने विचारले. "सलग वाजतंय, की थांबून थांबून?"

"म्हणजे? तुम्हाला..." ती थांबली. हात खाली घेऊन तिने त्याच्याकडे नीट पाहिले, पेशंटकडे पाहतात तसे. मग सरळ बसली. "थांबून थांबून. लांब आहे. आता वाजतंय. थांबलं. आता परत."

म्हणजे बोर्ड जिवंत होता, आणि रॅम काढलेली असताना जे ओरडायला हवे तेच ओरडत होता. कानसेनने रॅमची पट्टी उचलली. तिच्या सोनेरी कडेवर काळपट थर बसला होता. टेबलाच्या खणातून शाळेतल्या पोरांकडे असतो तसला खोडरबर काढून त्याने ती कड हळूहळू घासली, फुंकर मारली, पट्टी दाबून बसवली आणि पडदा जोडून बटण दाबले.

"आता एकदाच वाजलं," नर्स म्हणाली. "आखूड."

पडदा उजळला.

त्याने शंभर रुपये घेतले. रिक्षा आल्यावर नर्स दारातून परत वळली आणि अगदी त्याच्या समोर येऊन, ओठ नीट दिसतील अशी उभी राहिली. "कान दाखवून घ्या. मघाशी मी उजवीकडून दोनदा काहीतरी विचारलं, तुम्ही वर पाहिलंसुद्धा नाहीत."

"दुकानात आवाज फार असतो," कानसेन म्हणाला.

नर्सने दुकानभर एक नजर टाकली. पंखादेखील बंद होता.

ती गेल्यावर कानसेनने आधी बझरवर संशय घेतला. नवा बझर काढला, जोडला. मग तिसरा. डाव्या कानाला अगदी चिकटवून धरल्यावर लांब कुठेतरी डास असावा तसे काहीतरी वाटले, आणि तेही खरे की भास, सांगता येईना. मग त्याने मान वर करून मागच्या मांडणीकडे पाहिले. तिथे गेल्या दोन वर्षांत त्याने मेले म्हणून ठरवलेले बोर्ड ओळीने उभे होते. सात होते. प्रत्येकावर पांढऱ्या पट्टीवर गिऱ्हाइकाचे नाव आणि खाली 'गेला'.

आता त्याला आपली चूक पुरती दिसली. मोकळा बोर्ड गप्प राहिला की तो पुढे तपासत नसे, ते वेळेचे नुकसान. दुसरा बोर्ड बसवे, आणि त्यात रॅम घालण्याआधी सवयीने तिची कड खोडरबराने घासे. कॉम्प्युटर चालू होई. गिऱ्हाईक खूश, निदान खरे ठरले, पैसे मिळाले. खरे काम खोडरबराने केलेले असे आणि पैसे बोर्डाचे घेतलेले असत. हे सातांपैकी कितींच्या बाबतीत झाले होते? ते कळायला एकच उपाय होता. प्रत्येक बोर्डाला वीज देऊन ऐकायचे.

आणि ऐकायला कोणी नव्हते.

त्याने फोन हातात घेतला. मुलीला लावून फोन बझरजवळ धरता आला असता. पण तिला सांगायचे म्हणजे दुकानाचे दार लागले म्हणायचे. "आता तरी या" म्हणायला तिला यापेक्षा चांगले कारण मिळाले नसते. ज्याला ऐकू येत नाही त्याने हे दुकान कशाच्या जोरावर उघडे ठेवायचे? समोरच्या पानवाल्याला बोलवावे तर संध्याकाळपर्यंत बाजारभर होईल. त्याने फोन खाली ठेवला आणि फळीला टेकून बसला.

फळीवर खिळ्याला एक पत्र्याचे झाकण अडकवलेले होते, त्यात तो बारीक स्क्रू ठेवत असे. स्क्रू नाचत होते. थोडे थांबत, पुन्हा नाचत. त्याने फळीवर तळहात ठेवला. फळी थरथरत होती, अकरा वर्षे थरथरत होती तशीच.

कानसेनने दोनदा टकटक केली.

स्क्रू निवांत झाले.

पुढे काय करायचे ते त्याने ठरवले नव्हते. पूर्वी टकटक केल्यावर ऐकायचे असे. तो नुसता बसून राहिला. थोड्या वेळाने दारात सावली पडली. टेलरबाई पूर्ण इमारतीला वळसा घालून आल्या होत्या. गळ्यात टेप, हातात खडू, चष्मा कपाळावर. केस बरेच पांढरे झाले होते.

"तुम्हीच वाजवलंत ना? का उंदीर होता?"

"मीच."

"जिवंत आहात म्हणायचं." बाईंनी स्टूल ओढले. "दोन वर्षं झाली. मला वाटलं, रागावलात."

"मी कशाला रागावू?"

"गणवेशांच्या घाईत एकदा तुम्ही टकटक केलीत आणि मी मशीन थांबवलं नाही. शंभर चड्ड्या होत्या, कुठून थांबणार? त्यानंतर तुमची टकटक बंद. म्हटलं असू दे, पुरुषमाणसाचा राग, आठवड्यात उतरेल." त्यांनी टेप गळ्यातून काढून बोटाला गुंडाळली. "आठवडा जरा लांबला."

"मला वाटलं तुम्ही नवीन मशीन घेतलंत. बिनआवाजाचं."

"नवीन? माझ्या सासूबाईंचं आहे ते. त्यांच्यासारखंच आहे, गप्प बसायचं माहीत नाही." त्या हसल्या, आणि तो हसत नाही हे पाहून थांबल्या. "का हो?"

"मला ऐकू येत नाही," कानसेन म्हणाला. हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारले होते. "म्हणजे सगळंच नाही असं नाही. बारीक आवाज, फळीपलीकडचे आवाज जात नाहीत कानात. बीप ऐकू येत नाही."

"कधीपासून?"

"ते कसं कळणार? घरात कोणी असतं तर सांगितलं असतं."

बाईंनी अरेरे वगैरे म्हटले नाही. "आमच्या ह्यांना मी रोज सांगत होते, की टीव्ही मोठा लावता, हाक ऐकत नाही. त्यांना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. पण सांगत तरी होते." त्यांनी मांडणीवरच्या बोर्डांकडे पाहिले. "आता मला कशाला बोलावलंत?"

"ऐकायला."

"तुमचं?"

"त्यांचं."

त्याने पहिला बोर्ड उतरवला. बीप लांब कुठली आणि आखूड कुठली, हे सांगायला लागला तेव्हा बाईंनी हात वर केला आणि टेबलाच्या काळ्या पृष्ठभागावर खडू टेकवला. "मी काढत जाते. लांब वाजलं की लांब रेघ, आखूड वाजलं की टिंब. वाचायचं तुम्ही."

पहिल्या बोर्डावर खडू हलला नाही. दुसऱ्यावरही नाही. कानसेनच्या जिवाला जरा बरे वाटले. तिसरा एजंटचा होता. बटण दाबताच बाईंचा हात सरळ पुढे गेला, थांबला, उचलला, पुन्हा गेला. टेबलावर एकाखाली एक तीन पांढऱ्या रेघा उमटल्या, शिंप्याच्या हाताच्या, पट्टीने ओढल्यासारख्या.

"हा तर चांगलाच कोकलतोय," बाई म्हणाल्या. "एवढं मोठ्यानं ओरडतोय आणि तुम्ही..."

सातांपैकी चार ओरडले.

"तुमची ऐकणावळ किती?" रेघा पुसण्यासाठी फडके शोधत कानसेनने विचारले.

"आता ही काय नवीन भानगड?"

"शिवायचे घेता ना? मग ऐकायचेही घ्या. फुकट काम मी कोणाकडून करून घेत नाही."

बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि गंभीरपणे विचार केला. "बोर्डामागे पाच. चेन लावायचे वीस घेते, हे त्यापेक्षा सोपं."

"सातांचे पस्तीस."

त्याच्याकडे शंभराची नोट होती, त्यांच्याकडे सुटे नव्हते. "राहू दे. कुठं पळून जाताय? मधे फळीच तर आहे," असे म्हणून त्या वळसा घालून आपल्या दुकानात गेल्या. थोड्या वेळाने झाकणातले स्क्रू पुन्हा नाचू लागले.

दुसऱ्या दिवशी कानसेन एजंटचा बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या ऑफिसात गेला.

"हा चांगला आहे," तो म्हणाला. "दोष रॅममध्ये होता, काम शंभर रुपयांचं होतं. हे तुमचे साडेसतराशे. तो बोर्ड मी काढून हा बसवून देतो."

"म्हणजे मेलेला उठून बसला?"

"मेला नव्हता. ओरडत होता. मला ऐकू आला नाही."

एजंट खुर्चीत मागे रेलला. "तुम्हाला? अहो, सगळा बाजार तुम्हाला कानसेन म्हणतो."

"तेच."

एजंटने नोटा दोनदा मोजल्या. मग पुढे वाकून, आवाज खाली घेऊन काहीतरी म्हणाला. कानसेनने "काय?" केल्यावर त्याला तेच मोठ्याने म्हणावे लागले. "म्हटलं, हे कोणाला सांगू नका. धंदा बसेल तुमचा."

बाहेर बसलेल्या दोघांनी मान वळवून पाहिले. संध्याकाळपर्यंत एजंटने स्वतःच अर्ध्या बाजाराला सांगितले. उरलेल्या तिघा गिऱ्हाइकांपैकी दोघांनी पैसे घेतले, एकाने "जाऊ द्या हो" म्हणून चहा पाजला, पण त्याचे काम पुढे दुसरीकडे जाऊ लागले. नाव तेच राहिले. फक्त आता लोक ते उच्चारताना ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसत, आणि ओठ वाचायची सवय लागलेल्या कानसेनला ते दिसे.

तो कानाच्या डॉक्टरकडेही गेला. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेले ते गेले, यंत्र लावलंत तर माणसांचं बोलणं बरं ऐकू येईल. यंत्राची किंमत त्यांनी सांगितली, ती मात्र त्याला एकदाच सांगितल्यावर ऐकू आली. पाहू, म्हणाला. मुलीला त्याने दोन रविवार गाळून तिसऱ्या रविवारी सांगितले. ती म्हणाली, "म्हणूनच ओरडत होतात." आणि मग, त्याला वाटले होते तेच, "दुकान बंद करा, बाबा. ऐकू येत नाही तर करणार काय तिथं?"

"ऐकायची सोय आहे," तो म्हणाला.

सोय होती, आणि ती रोज थोडी सुधारत होती. प्रत्येक बोर्डासाठी इमारतीला वळसा घालणे बाईंना परवडणारे नव्हते. मग त्यांनीच रीत काढली. कानसेन दोनदा टकटक करी. बाई मशीन थांबवून पलीकडून फळीला कान लावत. तो बटण दाबून फळीवर तळहात पसरून ठेवी. बाई जे ऐकत ते कात्रीच्या मुठीने फळीवर उमटवत. लांब बीप असेल तर मूठ घासत नेत, आखूड असेल तर नुसती टेकवत. तो ते तळहाताने वाचे. शेवटी एकदा टकटक, आणि मशीन सुरू. काम कमी झाले होते, पण जे येई ते बरोबर होई. एप्रिल गेला, पावसाळा गेला. एकही बोर्ड चुकीने मांडणीवर गेला नाही.

कधी कधी दोष त्याला आधीच ठाऊक असे. तारच तुटलेली असे, वीज पुरवणारा डबा जळून वास मारत असे, ऐकण्यासारखे काही नसे. तरी तो टकटक करी. पलीकडे मशीन थांबे. थोडा वेळ दोन्हीकडे काहीच होत नसे. मग बाई फळीवर तळहाताने एक थाप मारत. तिचा अर्थ ठरलेला नव्हता, पण बहुतेक 'काही वाजत नाही' असा असावा.

नोव्हेंबरमध्ये बाई वळसा घालून आल्या. गळ्यात टेप नव्हती.

"लेकाची बदली झाली. मलाही नेतोय. महिनाअखेरीला दुकान सोडते."

"मशीन?"

"घेऊन जाणार. पण तिथं फ्लॅट नवा आहे, सूनबाई म्हणते आवाज फार होईल. बघू, चालवू देतात का." त्या उभ्याच होत्या. "तुमचं कसं होणार आता?"

"होईल काहीतरी."

"एखादा पोरगा ठेवा कानाला."

"पाहू. तुमची ऐकणावळ राहिली आहे." त्याने पाकीट उघडले. पुन्हा शंभराचीच नोट होती.

"किती?"

"पस्तीस."

"पस्तीसच? आणि एप्रिलपासून रोज ऐकतेय ते?"

"ते धरलेलं नाही."

"बरं केलंत. मीही नव्हतं धरलं." त्या हसल्या. त्यांच्याकडे सुटे नव्हते. "आवराआवरीला दोन-तीनदा येणंच आहे. तेव्हा घेईन."

आवराआवर मुलाने मजूर लावून एका दिवसात केली. त्या दिवशी कानसेन सुट्या भागांच्या बाजारात गेला होता. परत आला तेव्हा झाकणातले स्क्रू निवांत होते. डिसेंबरपासून पलीकडचा अर्धा गाळा एका पुठ्ठ्याच्या खोकेवाल्याने गोदामासाठी घेतला. खोकी फळीला चिकटून छतापर्यंत लागली. आता टकटक केली तर आवाजही होत नाही आणि थरथरही नाही.

गोदाम लागले त्याच आठवड्यात कानसेनने खणातून एक छोटा लाल दिवा काढला, तांदळाच्या चार दाण्यांएवढा. बोर्डाच्या ज्या दोन काट्यांना बझर जोडतात त्यांनाच हा दिवा जोडला की जेव्हा बझर वाजेल तेव्हा दिवा लागतो. लांब बीपला लांब, आखूड बीपला आखूड. त्याने दोन तारा डागल्या, बटण दाबले, दिवा लागला, विझला, लागला. रॅम. खोडरबर. काम झाले.

ही युक्ती त्याला नर्स येऊन गेली त्याच आठवड्यात सुचली होती. दिवाही तेव्हाच आणला होता आणि खणात ठेवून दिला होता.

आता त्याचे निदान पूर्वीइतकेच पक्के आहे. कोणाला विचारावे लागत नाही, कोणासाठी थांबावे लागत नाही. दिव्याकडे बघताना डावा हात आपोआप फळीवर जातो, तो तिथेच राहतो. मुलगी रविवारी फोन करते आणि ओरडू नका म्हणते. खोकेवाला भला माणूस आहे, महिन्यातून एकदा दिसतो. टेलरबाईंचा नवा पत्ता गाळ्याच्या मालकाकडे नाही, मुलाचा फोन नंबर बाईंनी दिला होता की नाही ते कानसेनला आठवत नाही. दिला असला तरी त्या वेळी तो ऐकू आला नसावा.

टेलरबाईंना ऐकणावळीचे पस्तीस रुपये देणे बाकी आहे.